मारव्यातला डाग

रविवारी दुपारी चार वाजता चष्म्यांच्या त्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं असायचं. नवख्याला वाटावं, दुकान बंद आहे. बंदच असायचं, पण मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राला खेटून, चार पिकलेली डोकी एका टेपरेकॉर्डरवर वाकलेली असायची आणि तावातावाने भांडत असायची. भांडण कशावरून, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मैफलीत तबलजीने ठेका बदलला तो पहिल्या आवर्तनात की दुसऱ्या! घरचे म्हणायचे, यांना कामधंदा नाही. खरंच नव्हता. कॅशियर निवृत्त झाले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना सुनेच्या हाती दिला होता. रेडिओवाले केंद्रावर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नोकरीला होते, पण तिथे आता मुद्रण करण्यासारखं काही येतच नव्हतं. आणि चौथे यजमान, दुकानाचे मालक, चष्मेवाले. ही गोष्ट त्यांची.

खेळ साधा होता. पाळीपाळीने एकाने कोडं घालायचं. एखाद्या गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा वाजवायचा, तोही एकदाच. बाकीच्यांनी राग, गाणारा आणि जमलं तर साल ओळखायचं. उत्तरं लिहायला चष्म्याच्या नंबराचे छापील कागद होतेच: उजव्या डोळ्याच्या रकान्यात राग, डाव्या डोळ्याच्या रकान्यात गाणारा. हरेल त्याने चहा करायचा. कॅशियर इतक्यांदा हरले होते की त्यांच्या हाताला आता चव आली आहे, असं डॉक्टरीणबाई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या.

चष्मेवाल्यांची कोडी मात्र भलतीच असायची. गाण्यात काय आहे ते ते विचारायचेच नाहीत. ते विचारायचे गाण्याबाहेरचं. "हा खोकला ऐकलात? हाच माणूस आणखी दोन मैफलींत खोकलाय. कुठल्या?" किंवा, "ही खुर्ची करकरली. लाकडी की लोखंडी?" कॅशियर कपाळावर हात मारून घ्यायचे. "अहो, गाणं ऐका की! खुर्च्या काय मोजता?" पण चष्मेवाल्यांचा कान म्हणजे कान होता. कुणाच्या पेटीचा भाता कुठे फाटलाय, कुठल्या सभागृहात पंखा टकटक करतो, कोण 'वा' म्हणताना आधी श्वास घेतं, सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा त्यांनी केवळ एका बाईच्या बांगड्यांवरून ध्वनिमुद्रणाचं साल सांगितलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. त्यानंतर रेडिओवाले त्यांच्यापुढे मान तुकवायचे, आणि रेडिओवाले सहसा कुणाला भीक घालणाऱ्यांतले नव्हते.

या माणसाच्या संग्रहात एक कॅसेट होती. चौतीस वर्षांपूर्वी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एका गाणाऱ्या बाईंची बैठक झाली होती. बाई मोठ्या, पण तब्येतीने खचलेल्या. त्यानंतर वर्षभरातच गेल्या. त्यांचा तो शेवटचा मारवा, आणि जगात तो फक्त चष्मेवाल्यांकडे. खोलीत पंचवीस माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि मायक्रोफोन ठेवायला जागा नाही म्हणून तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एका खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधलेला. चष्मेवाले स्वतः पुढे, बाईंच्या पायाशी.

मारवा रागाची गंमत अशी की गाणारा षड्जावर यायला तयारच नसतो. षड्ज म्हणजे घर. मारवा गाणारा घराभोवती घिरट्या घालतो, दाराशी येतो, पुन्हा मागे फिरतो. बाईंनी त्या दिवशी असा काही जीव टांगणीला लावला होता की पंचवीस माणसं श्वास रोखून बसली होती. आणि बरोबर त्या घटकेला, मायक्रोफोनच्या कानात बोलावं तसं, बायकी आवाजात कुणीतरी कुजबुजलं, "अगं, उभ्या राहून राहून दमल्या असतील त्या. कुणीतरी आत घ्या ना त्यांना!" आणि मग फिसकन हसू. दोघींचं.

दोघी कोण, ते सांगायला नकोच. दारात चष्मेवाल्यांची बायको उभी होती आणि तिच्याजवळ तिची पाठची बहीण, चार दिवसांसाठी राहायला आलेली. पाहुणे गेल्यावर चष्मेवाल्यांनी टेप लावली, ते वाक्य ऐकलं आणि त्यांचा पारा चढला. "तुला कळतंय का काय केलंस ते? पुन्हा मिळणार आहे का हे गाणं?" बायको खाली मान घालून कपबश्या विसळत राहिली. मेहुणी कोपऱ्यात उभी राहून पदराशी चाळा करत होती. तीन दिवस त्यांनी बायकोशी अबोला धरला. असे हे रसिक!

पुढे तीस वर्षं त्यांनी जो येईल त्याला तो मारवा ऐकवला आणि ती जागा आली की आवाजाचं बटण खाली केलं. "सगळं सोन्यासारखं होतं हो," ते म्हणायचे, "पण आमच्या मंडळींनी डाग पाडला." हळूहळू रविवारच्या मंडळींतही ते नाव पडलं: डाग. डॉक्टरीणबाई सुद्धा म्हणायच्या, "आज डाग ऐकवा की!" आणि सगळे हसायचे. चष्मेवालेही हसायचे.

मधल्या काळात काय झालं, ते सांगायला जड जातं. बायकोच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं. ती वाचली, पण आवाज गेला तो गेलाच. पुढची अठरा वर्षं ती कागदावर लिहून बोलायची. हाक मारायची झाली की दोनदा टाळी वाजवायची. भाजीवाल्याशी ती टाळ्यांनी आणि भुवयांनी असं काही भांडायची की तो बिचारा हात टेकायचा. घर चालत राहिलं. माणूस कशालाही सरावतो, हे खोटं नाही. चष्मेवालेही सरावले. त्यांना मूलबाळ नव्हतं, फोन येणारे फार नव्हते, आणि तो आवाज जाण्याआधी कुणी कुठे साठवून ठेवला असेल, असा काळही नव्हता.

त्या अठरा वर्षांतली एक संध्याकाळ त्यांना विसरता यायची नाही. पाहुण्याला मारवा ऐकवत होते. ती जागा आली. सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला आणि आवाज खाली आला. बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, पुढे आली, आणि त्यांच्या हातावरून हात घालून बटण पुन्हा वर केलं. जेमतेम शेवटचं हसू तेवढं ऐकू आलं. तिने ते ऐकलं, ट्रे उचलला, चहा दिला आणि आत गेली. पाहुण्याला काही कळलं नाही. चष्मेवाल्यांना कळलं. पण कळून उपयोग काय? पुढच्याच रविवारी ते पुन्हा म्हणाले, "आमच्या मंडळींचा डाग." चार लोकांत आता दुसरं काय म्हणायचं, हेच त्यांना सुचेना.

चौदा महिन्यांपूर्वी ती गेली.

त्यानंतर चष्मेवाल्यांनी मारवा कधी पूर्ण ऐकला नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते मागच्या खोलीत बसायचे, कॅसेट लावायचे, आणि ते वाक्य आणि ते हसू ऐकायचे. मागे घ्यायची, पुन्हा ऐकायचं. पाच वेळा, सात वेळा, एखाद्या दिवशी वीस वेळा. बटण पार वर. मग त्यांच्या ध्यानात आलं की बाईंच्या गाण्यावर त्या दिवशी पंचवीस जाणत्यांनी माना डोलावल्या होत्या, पण मारवा नेमका काय करतोय हे बोलून दाखवलं होतं ते एकट्या बायकोने. दाराशी उभ्या आहेत, आत घ्या! याहून नेमकं मारव्याबद्दल कुणी बोलल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि हे सांगायला आता समोर कुणी नव्हतं. ते तिथेच, भिंगांच्या धुळीत, तोंड दाबून रडायचे. नऊ वाजले की तोंड धुऊन शटर वर करायचे.

फीत ती, किती सोसणार? पावसाळा सरता सरता ती त्या जागेवर किरकिरू लागली. टेपरेकॉर्डरच्या हेडवर तपकिरी भुकटी दिसायला लागली. चष्मेवाल्यांनी कॅसेट हळूच बाहेर काढून डबीत ठेवली. दोन दिवस त्यांनी ती लावलीच नाही, आणि ते दोन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. मग रविवारी त्यांनी ती कॅसेट रुमालात गुंडाळून रेडिओवाल्यांच्या हातात ठेवली.

"फीत नाजूक झालीय. उतरवून द्याल? जपून हं."

"डाग?" रेडिओवाल्यांचे डोळे चमकले. "अहो, द्या की! माझ्याकडे आली की काळजी नाही."

आता इथेच, अगदी याच क्षणी, या माणसाने तोंड उघडायचं होतं. नुसतं म्हणायचं होतं, 'ते बोलणं राहू द्या.' चार शब्द! ते ओठांवर आलेही. पण डॉक्टरीणबाई समोर बसलेल्या, कॅशियर कागदावर काहीतरी गिरवत बसलेले. तीस वर्षं ज्याला डाग म्हटलं, त्याच्यासाठी आता गळा कसा काढायचा? लाज वाटली त्यांना. सत्तरीच्या माणसाला बायकोचा आवाज हवाय म्हणायला लाज वाटली! ते म्हणाले, "घाई नाही, सावकाश करा," आणि कोड्याचा तुकडा लावला.

तीन आठवडे गेले. रेडिओवाले भेटले की नुसते गालातल्या गालात हसायचे. कॅशियर आणि डॉक्टरीणबाई कुजबुजायचे आणि चष्मेवाले जवळ आले की गप्प व्हायचे. त्यांना वाटलं, आपल्या सत्तरीच्या वाढदिवसाचा काहीतरी घाट घातला असेल. तसाच होता.

त्या रविवारी मागच्या खोलीत मेजावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला, त्यावर रेडिओवाल्यांनी आणलेले दोन चांगले स्पीकर. कॅशियर न हरताच चहा करून मोकळे झालेले.

"आज कोडं मी घालणार," रेडिओवाले म्हणाले. "आणि उत्तर फक्त तुम्ही द्यायचं. आम्ही तिघं बाद."

"असं का?"

"आम्हाला येतंय ना!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

गाणं सुरू झालं. पहिल्याच स्वराला चष्मेवाल्यांनी ओळखलं. त्यांचाच मारवा. पण कसा! चौतीस वर्षांची खरखर गेली होती. तंबोरे आत्ता जुळवल्यासारखे वाजत होते. बाई जणू मेजापलीकडे बसून गात होत्या. ते थरारले. खरं सांगायचं तर दोन मिनिटं त्यांना फार सुख झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की खोलीतला पंखा ऐकू येत नाहीये. कपबशीचा तो एक आवाज असायचा, तो आला नाही. खोकणारा खोकला नाही. त्यांनी खुर्चीचा हात धरला.

बाई ऋषभावर आल्या. धैवतावर गेल्या. दाराशी आल्या आणि थांबल्या.

काही नाही. तंबोरे, आणि काही नाही. मग बाई पुढे निघाल्या.

रेडिओवाल्यांनी गाणं थांबवलं. "हं, ओळखा! यात काय नाही?"

तिघांचे चेहरे उजळलेले. तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन-दोन तास बसून त्या माणसाने मित्रासाठी एकेक आवाज वेचून काढला होता. कामात कुठे शिवण दिसत नव्हती. असं काम करायला प्रेम लागतं, आणि ते होतंच. कुणाला दोष द्यायचा?

चष्मेवाल्यांनी खुर्चीचा हात सोडला. ते म्हणाले, "बायको."

"बरोब्बर!" कॅशियर ओरडले आणि टाळ्या वाजवू लागले. "पैकीच्या पैकी!" रेडिओवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन वाजवल्या आणि त्यांचे हात तिथेच थांबले. त्या चष्मेवाल्यांकडे बघत होत्या.

"मूळची फीत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"अहो, तिची तर दशाच झाली होती. एकदाच कशीबशी चालली, शेवटाला पार लगदा. भुकटी झाडून टाकली शेवटी. पण एकदा चालली ते पुष्कळ झालं, नाही का?"

"आणि ती जी उतरवलीत... साफ करायच्या आधीची?"

"कच्ची? ती केंद्राच्या यंत्रावर होती. तिथलं कच्चं सगळं दर शुक्रवारी आपोआप पुसलं जातं." रेडिओवाल्यांचा आवाज आता जरा खाली आला. "का हो? ठेवायची होती का?"

डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. रेडिओवाले एकदा त्यांच्याकडे, एकदा चष्मेवाल्यांकडे बघू लागले, आणि मग त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "तुम्हीच म्हणायचात ना," ते पुटपुटले. "तुम्हीच इतकी वर्षं..."

"मीच म्हणायचो," चष्मेवाले म्हणाले. "काम फार सुरेख झालंय. उपकार झाले." आणि त्यांनी चहा प्यायला, कारण तो पुढ्यात ठेवलेला होता.

सगळे गेल्यावर ते शटर ओढून घरी आले. दिवेलागणीची वेळ होती. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी ती जागा आठवायला घेतली. बाईंचा धैवत आला, ऋषभ आला, त्यावरची बारीकशी थरथर आली, तबल्याचा ठेका मात्रेमात्रेने आला. मग ते वाक्य. शब्द आले. आवाज येईना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा धैवत, पुन्हा ऋषभ, आणि पुन्हा नुसते छापल्यासारखे शब्द. उंच होता का आवाज? जाडसर? 'आत घ्या' म्हणताना ती 'आत' वर थांबायची की 'घ्या' वर? वर्षभर रोज ऐकलेलं! ज्याला परक्यांचे खोकले आठवत होते, त्या माणसाला हे आठवेना.

त्यांनी मेहुणीला फोन लावला. ती दूरच्या गावी लेकाकडे राहायची. तिला घाबरायला झालं, कारण भावजी आपणहून कधी फोन करत नसत.

"तुझ्या ताईचा आवाज कसा होता गं?"

"ताईचा? गोड होता की, भावजी. असं काय विचारता?"

"गोड म्हणजे कसा? नीट सांग. ती मैफल आठवते? दारात उभ्या होतात तुम्ही दोघी. ती म्हणाली ते, कुणीतरी आत घ्या त्यांना. कशी म्हणाली?"

"भावजी, आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. ते मी म्हणाले होते."

"काय?"

"मीच म्हणाले. ताई नुसती हसली. तुम्ही तिच्यावर ओरडलात तेव्हा मी सांगणारच होते, पण तिने मला डोळ्यांनी दटावलं. रात्री म्हणाली, तू चार दिवसांची पाहुणी, ओरडा मला बसू दे, मला सवय आहे. आमच्या दोघींचा आवाज तेव्हा सारखाच लागायचा ना? फोनवर तर आमची आईसुद्धा फसायची."

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "तीच होती. मी ओळखलं असतं."

"असेल हो. मला तरी असंच आठवतंय. मीही आता सहासष्टची झाले, माझंही डोकं काय खात्रीचं?" ती समजुतीने म्हणाली. "तुमच्याकडे टेप आहे ना? लावून बघा, लगेच कळेल."

चष्मेवाल्यांनी तिला सांगितलं. अगदी थोडक्यात सांगितलं. ती "अरे देवा, अरे देवा" म्हणत राहिली.

"ऐक," ते म्हणाले. "ते वाक्य तू म्हण. जसं तेव्हा म्हटलं होतंस, म्हणजे म्हटलं असशील, तसं."

"आत्ता? फोनवर? काहीतरीच काय, भावजी!"

"म्हण गं. एकदाच."

तिने घसा साफ केला. नातवंडांना गप्प बसा म्हणून सांगितलं. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले आणि फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला. "अगं, उभ्या राहून राहून दमल्या असतील त्या," पलीकडून एक म्हातारी, थकलेली बाई म्हणाली. "कुणीतरी आत घ्या ना त्यांना." आणि मग तिने थोडं हसूनही दाखवलं.

"ओळखू आलं का, भावजी?" तिने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. त्यांनी तिला जेवून घे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.